अजून अर्धा आटा

अरे ए, बिजागरीच्या स्क्रू! जागा आहेस ना? ऐक ना, आत्ता बाहेर काय झालं ते ऐक आधी! हॉर्न वाजला, फाटक करकरलं, आणि मग सगळं एकदम गप्प झालं, ते ऐकू आलं ना तुला? त्याच्या मुळाशी कोण होतं माहितीये? मी! कालपासून या डब्यात तुझ्या शेजारी हा जो तेलकट, बिनडोक्याचा, मधोमध भोक पडलेला तुकडा पडलाय ना, तोच मी. इंजिनाचा बोल्ट आहे मी. म्हणजे होतो. आता अर्धाच उरलोय, पण बोलायला अर्धा पुरतो.

आणि मला बोलायचंय. इतका वैतागलोय ना, काय सांगू! तुझं बरंय बाबा. तुझा जन्म दारात गेला. दार उघडलं, दार लागलं, झाला दिवस. इंजिनात राहून बघ एकदा. आणि त्यातही या घरातल्या गाडीच्या इंजिनात! मग कळलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक सळई होती, तिचे खटाखट तुकडे पडले, प्रत्येकाच्या टोकावर असा एक दणका बसला की डोकं तयार. मग अंगावर आटे पाडले, एका कढत टाकीत बुचकळून काढलं आणि ढीगभर भावंडांसोबत खोक्यात भरलं. बालपण वगैरे काही भानगड नाही.

तिथून गेलो गाडीच्या कारखान्यात. एका बाईंनी मला उचललं, बोटांनी दोन वेढे दिले आणि हवेवर चालणारं यंत्र डोक्यावर ठेवलं. घुर्रर्र... टक्! त्या 'टक्'चा अर्थ सांगू? 'बास. एवढंच. याच्यापुढे केसभरही नाही.' आयुष्यात मला एवढ्या नेमकेपणाने फक्त त्या बाईंनी आवळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच पुढचं इंजिन घेतलं. पण काय हात होता!

आता काम काय होतं ते सांगतो, म्हणजे तुला पुढचं कळेल. इंजिन तापतं. ते गार राहावं म्हणून त्याच्यातून पाणी फिरतं, हिरवट रंगाचं. ते पाणी जिथून बाहेर पडतं तिथे ॲल्युमिनियमचं एक वाकडं टोपण असतं, पालथ्या कपाएवढं. ते टोपण इंजिनाला धरून ठेवणारे आम्ही दोन बोल्ट. एक वर, एक खाली. खालचा मी. आणि टोपण अन् इंजिन यांच्या मधे असते रबराची एक रिंग. पाणी अडवायचं काम त्या रिंगचं. आमचं काम नुसतं धरायचं. हे नीट डोक्यात ठेव, तुझं आहे अजून जागेवर. पुढची सगळी बोंब एवढीशी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे झाली.

पहिला मालक दातांचा डॉक्टर. देवमाणूस! त्याने बॉनेट कधी उघडलंच नाही. गाडीत फक्त स्टिअरिंग आणि रेडिओ असतो असा त्याचा समज होता. मी सुखात होतो. तापायचो, निवायचो, जरासा गंजायचो. मग त्याने नवी गाडी घेतली आणि आम्ही आलो बाबांकडे.

बाबा म्हणजे या घराचे कर्ते. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढे ही पत्र्याची शेड. माणूस वाईट नाही, पण त्यांचा धंदा नडला. आयुष्यभर ते शहराच्या पाइपलाइनीवर फिटर होते. गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि माणूस आत झोपेल एवढ्या पाइपांचे जोड आवळायचे. तिथे एकच नियम. थेंब दिसला की आवळ. आवळूनही दिसला, तर पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढव आणि दोन्ही हातांनी आवळ. 'अजून अर्धा आटा' हे त्यांचं घोषवाक्य. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने शाल दिली, श्रीफळ दिलं, पण ते घोषवाक्य काही काढून घेतलं नाही. तिथेच चुकलं त्यांचं.

मग घरात जे हाताला लागेल ते आवळायचं. स्वयंपाकघरातला नळ असा आवळलेला की आई तो फडकं गुंडाळून उघडतात. बरणी उघडायची असली की शेजारणीला हाक. चष्म्याचा तो इवलासा स्क्रू आवळता आवळता काच तडकली, तर म्हणतात, काचच पातळ होती.

"अहो, हे झाकण लावलंय की जन्मठेप दिलीय?" आई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"घट्ट असलेलं बरं असतं," इकडून उत्तर.

आणि या घरात एकुलती एक मुलगी. भिंगरी. खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण लहानपणापासून एका जागी टेकली तर शपथ, म्हणून भिंगरी. ती झाली जनावरांची डॉक्टर. मागच्या महिन्यात तिला नोकरी लागली, तीही डोंगराकडच्या भागात, इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वाड्यावस्त्यांवर फिरायचं, गाई-म्हशी तपासायच्या. अट एकच. सोमवारी सकाळी स्वतःची गाडी घेऊन हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

"आणि तो दुसरा बॅग भरून दारात बसलाय, बाबा," भिंगरी हसत म्हणाली होती.

"बसू दे. तू माझी गाडी घेऊन जा," बाबा म्हणाले. आवाज एवढा मोठा की शेजारच्यांनाही कळावं. गाडीत बसूनच झालं हे बोलणं, म्हणून मला माहीत. मला वाटलं, वा, काय बाप आहे!

कसला वा! त्या दिवसापासून हा माणूस रोज संध्याकाळी बॉनेट उघडून माझ्यासमोर उभा. मुलगी जाणार, गाडी नीट हवी. म्हणून हे तपास, ते तपास. आणि एका संध्याकाळी त्यांना दिसला थेंब. टोपणाच्या खालून लोंबणारा, हिरवा, मोहरीएवढा.

झालं! फिटरच्या अंगात आलं.

"बाबा, मधलं रबर गेलं असेल. जुनंय. बदलूया ना," भिंगरी म्हणाली. शाबास पोरी, मी म्हटलं.

"रबराला काय धाड भरलीय? बोल्ट ढिला आहे."

ढिला! मी! जन्मापासून जागचा हललो नव्हतो! पण ऐकतो कोण? पाना चढवला आणि अर्धा आटा. दुसऱ्या दिवशी परत थेंब, परत अर्धा आटा. मी आतून ओरडतोय, 'अहो, रिंग! रिंग बघा! ती कडक होऊन चिरलीय, मला पिळून तिला काय होणार?' माझं अंग ताणून ताणून तारेसारखं झालेलं. वरचा जोडीदार कुजबुजला, 'लेका, तू काही वाचत नाहीस.' स्वतः मात्र निवांत होता, कारण पाना माझ्यावर होता.

त्यात आले मामा. आईंचे धाकटे भाऊ, टेम्पो चालवतात. गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असं मानणारे. वाकून बघितलं, बोटाने थेंब टिपला, नाकाशी नेला.

"दाजी, तुमचा हात आता पेन्शनीत गेला. आण तो पाना इकडे, भिंगरे."

आणि मामांनीही आवळलं! म्हणजे एकाचं झालं, आता दुसऱ्याचं. सार्वजनिक मालमत्ता असल्यासारखा येईल तो पिळतोय.

मामा गेले. पण 'पेन्शनीत गेला' हे बाबांना कुठेतरी लागलं होतं. शेडमध्ये एकटेच परत आले, कोपऱ्यातून पाइपचा तुकडा आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला. मी म्हटलं, संपलं.

अर्धा आटासुद्धा झाला नाही रे. कट्ट!

डोकं त्यांच्या पान्यात. बाकीचा मी आत, धक्का बसून तसाच.

पुढे त्यांनी काय केलं सांगू? इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझं डोकं शर्टाच्या खिशात टाकलं, बॉनेट लावलं आणि घरात जाऊन म्हणाले, "झालं. आता नाही येणार थेंब."

कमाल आहे की नाही? पाण्याच्या कामात आयुष्य गेलेला माणूस, त्याला ठाऊक नाही की टोपण एका बोल्टवर राहत नाही? रविवारी सकाळी पोरगी हीच गाडी घेऊन डोंगर चढणार, अर्ध्या वाटेत सगळं पाणी जाणार आणि इंजिन उकळणार. त्यांना सगळं कळत होतं. पण तोंड उघडेना.

काल सकाळी, म्हणजे शनिवारी, आईंनी धुवायला शर्ट घेतला. खिशातून मिळालं माझं डोकं. पुढचं मला त्यानेच सांगितलं, ते बघ, त्या कोपऱ्यात पडलंय. आईंनी ओरडाआरडा नाही केला. बाबांना चहा दिला, आणि बशीत कपाशेजारी ते डोकं ठेवलं.

"हे काय?" बाबा.

"तुमच्या शर्टात होतं. बटण म्हणावं तर दोरा ओवायला भोक नाही."

भिंगरी समोरच होती. तिने ते उचललं, आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, हे त्या टोपणाचं आहे?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? मी चढावर वाफ सोडत उभी राहिल्यावर?"

बाबा चहात बघत बसले. आई म्हणाल्या, "थंड झाला तो. आता काय करायचं ते बोला."

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मंगळवारी आणा. मंगळवार! सोमवारची सकाळ गेली की नोकरी गेली, मंगळवारी गाडी दुरुस्त करून काय तिची पूजा घालायची? भिंगरीने मामांना बोलावलं. मामा हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून असे आले, जणू लग्नाला बोलावलंय.

टोपण काढलं. वरचा जोडीदार सुखरूप बाहेर पडला, माझ्याकडे बघून हळहळला. मी बोटाच्या पेराएवढा बाहेर डोकावत होतो.

"ह्यॅ! एवढंच? पकड लावून एका झटक्यात काढतो," मामा म्हणाले.

"मामा, आधी तेल सोडून थोडं थांबू या का?"

"तेल डोक्याला लावतात, भिंगरे."

पकड आवळली आणि हिसडा दिला. मी आत गंजाने धरलेला, बाहेरून यांची ओढ, मधे माझं अंग आधीच ताणून अर्धं झालेलं. जे व्हायचं तेच झालं. पेरही तुटलं. आता मी इंजिनाच्या तोंडाशी अगदी सपाट, धरायला काहीच नाही.

मामांनी तुकडा उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "लोखंडच हलक्या दर्जाचं आहे."

हलक्या दर्जाचं! ऐकलंस? दोघांचे पाने सोसले मी, आणि हलक्या दर्जाचा मी!

"दाजी," मग जरा नरमाईने मामा, "आता तुम्हीच."

कारण हे मात्र खरं होतं. मोडलेले बोल्ट काढावेत तर बाबांनीच. पाइपलाइनीवर त्यांनी निम्मे स्वतः मोडले असतील, पण काढलेही त्यांनीच. त्यांनी चष्मा चढवला, कानशीने माझा माथा साफ केला, बरोबर मध्यावर खूण ठोकली आणि ड्रिल लावलं. घूं घूं घूं. दुखलं की नाही ते विचारू नकोस, सगळ्या अंगभर गुदगुल्या आणि वर आग. पण भोक काय सरळ पडलं! मानलं बुवा. मग पाइप जोडायच्या बत्तीने आजूबाजूचा भाग तापवला, तेल सोडलं, आणि पिशवीतून एक काळी, उलट्या पिळाची खिळी काढली. ती भोकात घालून डावीकडे फिरवायची. फिरवू तशी ती रुतते आणि मोडक्याला सोबत घेऊन बाहेर येते.

"फक्त एक," मामा म्हणाले, "ही आत मोडली ना, तर विसरा. एवढी कडक असते की तिच्यावर ड्रिलही चालत नाही. अर्धं इंजिन उतरवावं लागेल. मग आठवडा गेला म्हणून समजा."

"तू जा, नवीन बोल्ट आणि रबर घेऊन ये," बाबा म्हणाले. मामा गेले. आई आत. शेडमध्ये उरले बाबा, टॉर्च धरलेली भिंगरी आणि मी.

बाबांनी दांडा धरला. खिळी माझ्या पोटात रुतलेली, त्यामुळे त्यांचा हात आता सरळ माझ्या अंगात उतरत होता. आणि मला पटेचना! ज्या हाताने नळ, बरण्या, चष्मे, सगळ्यांचा जीव घेतला, तो हात असा, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा! जोरच नाही. नुसता दांड्यावर ठेवलेला.

"हलत नाही," बाबा म्हणाले.

खोटं! साफ खोटं! अहो, हलवा की! आयुष्यभर नको तिथे रेडा घुसल्यासारखा जोर, आणि आज हवाय तर लाडीगोडी? मी आत नुसता चरफडत होतो. त्यांनी परत हात ठेवला, काढला. थोडं तेल सोडलं. घाम पुसला, नसलेला.

"फारच धरलंय गं याने. नाही निघायचा. तू त्या लोकांना फोन कर. म्हणावं, दोन दिवस उशीर होईल."

"दोन दिवसांनी जागा नसेल, बाबा."

"दुसरी मिळेल. इथेच मिळेल. कोपऱ्यावर तो दवाखाना आहेच की, कुत्र्यामांजरांचा. घरचं जेवण, चालत जायचं, चालत यायचं."

"मला गाई-म्हशींचं काम हवंय. तुम्हाला माहितीये ते."

टॉर्चचा उजेड जरा हलला. आणि मग बाबांनी दांडा परत धरला. या वेळी दोन्ही हातांनी.

मित्रा, मी चरकलो. कारण आता त्या हातांत एकदम सगळं आलं. पाइपलाइनीवरचा सगळा जोर. एवढा जोर मला काढायला नकोच होता. तेवढ्याने खिळीचा तुकडा पडला असता, माझ्या पोटातच. मग आठवडा गेला, नोकरी गेली, पोरगी घरी. आणि कोणाला शंका आली असती? सगळे म्हणाले असते, यांचं नेहमीचंच, अर्धा आटा जास्त! आईंनी दोन टोमणे मारले असते, मामांनी महिनाभर चिडवलं असतं. बास. खरं काय ते त्या हातांना ठाऊक आणि मला.

"बाबा, मोडेल."

"मोडली तर मोडली," ते म्हणाले. पण हळू. मला वाटतं, तिच्यापेक्षा स्वतःलाच.

भिंगरीने टॉर्च गाडीच्या कडेवर ठेवली. "मघापासून तुम्ही जोरच लावत नव्हता. आणि आता एकदम एवढा?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"हात कळतात मला. गाय अडली ना, की घाबरलेला मालक असंच करतो. आधी हात लावायला तयार नाही, आणि मग एकदम असा हिसडा मारतो की वासरू पण जायचं आणि गाय पण. मी पहिल्यांदा काय करते सांगू?"

"काय?"

"मालकाला गोठ्याबाहेर काढते."

मग बाबांच्या हातातला जोर असा हळूहळू उतरत गेला, मला आतून कळत होतं. दांड्यावरून एक हात सुटला, मग दुसरा.

"म्हणजे मला बाहेर काढतेस?"

"फार लांब नाही. ती बादली पालथी घाला आणि बसा तिथे."

ते गेले आणि खरंच पालथ्या बादलीवर बसले. एवढा मोठा माणूस, गुडघे पोटाशी. तिथून म्हणाले, "माझा हात आज माझं ऐकत नाहीये गं."

"मला दिसलं ते."

"मग कोण काढणार?"

"मी. तुम्ही सांगा कसं ते."

आता इथेही त्यांना चुकीचं सांगता आलं असतं, हे लक्षात घे. ती पोर गाईंची डॉक्टर, तिला बोल्टमधलं काय कळणार? ते घसा खाकरत राहिले. आणि मग बोलले.

"हिसडा नको. नुसता भार दे आणि धरून ठेव. हलला नाही तरी सोडू नकोस. त्याला वेळ दे."

तिने भार दिला. काय हात रे तो! त्या कारखान्यातल्या बाईंनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारून धरल्यासारखं धरलं. मागे सरत नव्हता, पुढे घुसत नव्हता. नुसता होता.

"अजून थांब," बादलीवरून आवाज. "आता एक थेंब तेल. हां. परत भार."

आणि आता सगळं माझ्यावर आलं. खरं सांगतो, मी धरून बसू शकलो असतो. गंज माझ्या बाजूने होता. इतकी वर्षं ज्या भोकात काढली ते माझं घर होतं, दुसरं घर मी पाहिलेलं नाही. बाहेर आलो की काय, हा डबा आणि तू. राग मानू नकोस. आणि दुसरं म्हणजे ती बादली. त्या माणसाने मला छळलं, पिळलं, मोडलं, खिशात लपवलं, वर खोटं बोलला. माझा त्याच्यावर इतका राग, इतका राग! तरीपण मला दिसत होतं, मी फक्त आणखी थोडा वेळ चिकटून राहिलो, तर त्याची मुलगी राहते. त्याने स्वतः हात सोडला होता. पण मी धरलं असतं तर त्याच्यावर बालंटही नव्हतं.

इकडे तिचा हात. तसाच. थकून थरथरायला लागलेला, पण तसाच.

कर्रर्र.

"बाबा! हलला! हलला बाबा!"

ते असे उठले की बादली गडगडत फाटकापर्यंत गेली. "हळू! आता हळू. घाई नको, येतोय तो, येतोय." आवाज मधेच फुटला, तर म्हणे शेडमध्ये धूळ फार आहे.

मग मी आलो बाहेर, गोल गोल, सगळ्या गंजासकट. आतून आई धावत आल्या, मामा दुकानातून आले. मामांनी मला बघून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "मी ढिला करूनच ठेवला होता." आईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

नवी रिंग बसली. नवा बोल्ट बसला, चकचकीत, आगाऊ. भिंगरीने तो छोट्या पान्याने आवळला आणि थांबली. बाबांचा हात पुढे आला, परत मागे गेला.

"अजून..." ते म्हणाले, आणि सगळ्यांनी वळून बघितलं. "अजून चहा हवाय का कोणाला?"

मग पाणी भरलं, इंजिन चालू केलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि चौघं वाकून बघत बसले. कागद कोरडा तो कोरडाच. बाबा तर सगळे आत गेल्यावरही वाकलेले होते. एखादा थेंब पडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं का? मला विचारू नकोस. त्यांनी कागदाची घडी घातली, ती कोरडी घडी दोन-तीनदा हाताने चाचपली आणि गेले.

आणि आज सकाळचं तर तूही ऐकलंस. सामान ठेवताना आईंच्या सूचना चालूच, ही पिशवी वर ठेव, तिच्यावर काही ठेवू नकोस. बाबा पुढची काच पुसतायत. पुसून झाली तरी पुसतायत.

"बाबा, सोडा आता. झिजेल ती."

"धूळ असते रस्त्याला."

"रस्त्यावर गेले की असेल ना!"

मग तो हॉर्न, ते फाटक. आई घरात गेल्या. आणि थोड्या वेळाने पावलं इकडे आली. डबा उघडला. मला वाटलं, चला, आता भंगारात रवानगी. पण बाबांनी मला दोन बोटांत उचललं, तळहातावर घेतलं, अंगठ्याने एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं. आणि माझ्याशी बोलले! आयुष्यात पहिल्यांदा!

म्हणाले, "तू तरी धरून बसायचंस की रे."

ठेवलं मला परत, आणि गेले.

आता बोल! हद्द झाली की नाही? हात स्वतः सोडला, कसं काढायचं ते स्वतः सांगितलं, आणि बोल कोणाला? मला! मी काय उत्तर देणार? चिडू तरी कसा? त्यांचा तळहात ओला होता रे. तेलाने नाही, तेल मला कळतं.

मगासपासून तेच घोळतंय माझ्या उरल्यासुरल्या अंगात. तूच सांग, तू पण आयुष्यभर एक दार धरून होतास. इकडे तिचा तो थरथरता हात, तिकडे पालथ्या बादलीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला तो माणूस, आणि मधे तू. तू काय केलं असतंस?